पुठ्ठ्याचं पॅकिंग

"या मिस्त्री, बसा. पाणी घ्या."

बाप एवढंच बोलला आणि अंगणात उभ्या असलेल्या थोरल्याच्या काळजाचा एक नट कायमचा ढिला झाला... ज्या बापानं कान धरून पाना हातात धरायला शिकवलं, त्याच बापानं आज खुर्ची अशी पुढे सरकवली होती, जणू विजेचं मीटर वाचायला कुणी परका आला आहे.

"पाणी नको," थोरला म्हणाला. "आधी इंजिन बघतो."

"बघा."

मागे पिशवी घेऊन उभी असलेली त्याची बायको पुटपुटली, "मी मिस्त्री नसले तरी पाय मलाही आहेत. कुणी बसा म्हणेल का?" तेव्हा कुठे आई पदराला हात पुसत धावत आली आणि सुनेला आत घेऊन गेली. जाताना तिनं लेकाच्या पाठीवरून हात फिरवला, पण नवऱ्याचं लक्ष नाही असं बघून, चोरून.

ट्रॅक्टर शेडमध्ये होता. एके काळी त्याचा आवाज असा की पलीकडच्या टेकडीवरची बहिरी म्हातारीसुद्धा "कोण आलं गं?" म्हणून दार उघडायची, आणि ताकद अशी की एकदा चिखलात रुतलेला ट्रक ओढताना त्यानं ट्रकबरोबर निम्मा रस्ताही ओढून आणला होता. निदान बाप तरी असंच सांगायचा, आणि या घरात बापाचं बोलणं तपासून बघायची पद्धत नव्हती. आता त्याच्या सीटवर मांजर व्यायलं होतं.

याच ट्रॅक्टरनं थोरल्याला घराबाहेर काढलं होतं.

इंजिन उघडायची या घरात एक रीत होती. सुटे भाग चादरीवर ओळीनं मांडायचे, आणि मोजायला सुरुवात पुढून, पंख्याच्या बाजूनं करायची. पिस्टनचा प्रत्येक दांडा खालच्या फिरत्या क्रँकला ज्या लोखंडी टोपीनं धरलेला असतो, ती टोपी त्याच दांड्याची. दुसऱ्याची चालत नाही. एकाची दुसऱ्याला घातली की बेअरिंग जळतं आणि इंजिन जाम होतं. थोरला बापासमोर पंख्याकडे बसून शिकला. धाकट्याच्या वाट्याला मात्र नेहमी दिवा धरायचं काम आलं, आणि दिवा धरणारा मागे उभा असतो! तो जे शिकला ते मागून शिकला. थोरला एकदा सामान आणायला बाजारात गेला असताना, दादाला चकित करावं म्हणून त्यानं सगळ्या टोप्या स्वतःच बसवल्या... मागून मोजून. पहिल्याची चौथ्याला, चौथ्याची पहिल्याला. थोरल्यानं परत येऊन भावावर भरवसा ठेवला आणि खालचं तेलाचं चेंबर लावून टाकलं. दुसऱ्या दिवशी नांगर लावला आणि अर्धं शेतही न होता इंजिन किंचाळून गप्प झालं. त्या किंचाळण्यावरूनच घरात सगळ्यांना कळलं, टोप्या उलट्या लागल्या आहेत.

बापाचा राग म्हणजे उतारावर ब्रेक निसटलेली गाडी. सगळ्या शेजाऱ्यांदेखत तो म्हणाला, "ज्यानं टोप्या बसवल्या, त्यानं या घरात राहायचं नाही." धाकट्याच्या बायकोचे तेव्हा दिवस भरत आलेले. ती दाराच्या चौकटीला धरून उभी होती आणि धाकट्याचा चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला होता. थोरल्यानं एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा आपल्या बायकोकडे पाहिलं. तिनं डोळ्यांनीच 'हं' म्हटलं. मग तो म्हणाला, "मी बसवल्या."

त्यानंतर शहरातलं एक वर्कशॉप, त्याच्या माळ्यावरची एक खोली, आणि दर रविवारी आईला फोन. फोनवर तो आईला काहीबाही विचारत बसायचा... विहिरीला पाणी किती, दाराची कडी बसवली का, मांजर जेवलं का... बायको हसायची, "मांजराची एवढी चौकशी? माझी करत नाही कधी." पण तिला ठाऊक होतं. आईच्या आवाजामागे कधीतरी बापाच्या खोकल्याचा आवाज येई, आणि त्या एका खोकल्यासाठी तो मांजराच्या सात पिढ्यांची खुशाली विचारत असे. खोकला ऐकू आला की त्याचा आठवडा बरा जायचा. नाही आला तर व्याकूळ होऊन तो वर्कशॉपमधल्या गिऱ्हाइकांवर खेकसायचा.

पहिल्या पगारातून त्यानं बापाला बूट पाठवले होते. बापानं ते बघितलेसुद्धा नाहीत, असं आईनं रडत सांगितलं.

आणि आता, इतक्या वर्षांनी, धाकट्याचा फोन आला होता. "दादा, बाबांना इंजिन बांधून घ्यायचंय. एवढ्या जुन्या मॉडेलला कुणी हात लावत नाही. ते म्हणाले, शहरातल्या त्या मिस्त्रीला बोलवा."

थोरला गोणपाट अंथरून ट्रॅक्टरखाली सरकला. बापानं खुर्ची ओढून शेडमध्येच आणली आणि तो जवळ बसला. खालून थोरल्याला बापाची फक्त पावलं दिसत होती... भेगाळलेली, सुकलेली, कधी इतकी म्हातारी झाली कोण जाणे. त्या पावलांवर डोकं ठेवावं असा उमाळा त्याला दाटून आला. पण मिस्त्री गिऱ्हाइकाच्या पायावर डोकं कसं ठेवणार?

मनात दोन माणसं भांडत होती. एक म्हणत होता, उघड चेंबर, दाखव बापाला त्या उलट्या टोप्या, सांग की हा हात माझा नव्हे. त्या एका वाक्यासाठी तर तू जगलास! दुसरा म्हणत होता, मग धाकट्याचं काय? लेक लग्नाची झाली त्याची. तिच्यासमोर आज त्याला मान खाली घालायला लावणार? चेंबर उतरव, बापाला चहाला पाठव, आणि गुपचूप टोप्या जागेवर लाव. अखेर नेहमीप्रमाणे हा दुसराच जिंकला.

"बाबा, चहाचं बघता का जरा?"

"येईल चहा. तुम्ही काम करा."

नाइलाजानं त्यानं बोल्टला पाना लावला. वर्षानुवर्षांचे गंजलेले बोल्ट, हात सोलवटून काढतील असं त्याला वाटलं होतं. ते लोण्यातून फिरावेत तसे फिरले. प्रत्येकाच्या आट्यांना ग्रीस होतं. थोरला थबकला... त्यानं बोल्टला कधी ग्रीस लावलं नव्हतं. त्याबद्दल बापाच्या शिव्या खाल्ल्या होत्या. चेंबर खाली आलं. कडेला, तेल गळू नये म्हणून लावतात ते पॅकिंग होतं पुठ्ठ्याचं, हातानं कापलेलं, हातोडीनं कडा ठोकून भोकं पाडलेलं. तेलानं काळ्या झालेल्या त्या पट्टीवर बुटाच्या खोक्यावरची अर्धवट छापील अक्षरं होती, आणि बुटाच्या मापाचा आकडा.

त्यानं वर पाहिलं. टोप्या जागेवर होत्या. ज्याची त्याला. दांड्यावरची खूण आणि टोपीवरची खूण, एकूण एक एका ओळीत.

डोळ्यांतून निघालेलं पाणी, पाठीवर पडलेल्या माणसाच्या बाबतीत, सरळ कानात जातं. दोन्ही कान भरले तरी तो हलला नाही.

"बाबा, टोप्या बरोबर आहेत."

"असायलाच हव्यात."

"नव्हत्या."

खुर्चीजवळची पावलं जराशी आत ओढली गेली. आवाज आला, "नव्हत्या."

"तुम्ही उघडलं होतं."

"बूट आले त्या आठवड्यात. म्हटलं, एवढी चूक माझ्या थोरल्याच्या हातून झाली कशी, एकदा बघावं. बघितलं... मागून मोजलेल्या. दिवा कोण धरायचा, ते मला ठाऊक नाही होय?"

"मग बोलावलं का नाही?" थोरल्याचा आवाज फाटला. "एवढी वर्षं, बाबा! मी तुमच्या खोकल्यावर दिवस काढले."

"तुला बोलावलं असतं तर त्याला घालवावं लागलं असतं. शब्द माझा होता, चारचौघांत दिलेला. त्याचं पोर पाळण्यात... टोप्या सरळ केल्या, म्हणजे कुणी उघडलंच तर त्याची लाज झाकली जाईल. तुझ्यावर अन्याय झाला. तू निभावशील, तो नाही निभावणार, हे ठाऊक होतं. जो निभावतो त्याच्याच डोक्यावर माणूस ओझं ठेवतो रे."

"आणि आल्या आल्या 'मिस्त्री' कसला?"

"तोंड कुठं होतं मला, बाळा म्हणायला?"

मग खुर्ची करकरली. गुडघ्यांना शिव्या देत, ट्रॅक्टरच्या चाकाला धरून, म्हातारा खाली बसला, आडवा झाला आणि तेलकट जमिनीवर घसटत लेकाशेजारी येऊन पडला. त्याचा हात चाचपडत आला आणि थोरल्याच्या काळ्या पंजावर स्थिरावला. दोघंही वर त्या टोप्यांकडे पाहत राहिले, जणू तिथं चांदणं पसरलं होतं.

धाकटा चहाचा ट्रे घेऊन आला तेव्हा त्याला ट्रॅक्टरखालून चार पावलं दिसली. शेजारी पुठ्ठ्याची काळी पट्टी पडलेली.

"बाबा," तो म्हणाला, "त्या टोप्या दादानं नाही, मी..."

"ठाऊक आहे," खालून दोन आवाज एकदम आले.

"तुम्हाला...?"

"मलापण ठाऊक आहे," दारातून आई म्हणाली. "ह्यांनी चेंबर उघडलं तेव्हा दिवा मीच धरला होता."

"मला तर ह्यांनी त्याच दिवशी रडून सांगितलं," धाकटी सून भिंतीकडे बघत म्हणाली. "वहिनींना तोंड दाखवायची लाज वाटायची मला."

थोरली सून कमरेवर हात ठेवून सगळ्यांकडे पाहत राहिली. "म्हणजे या घरात ठाऊक नव्हतं कुणाला? एकट्या ट्रॅक्टरला?"

पहिल्यांदा हसली ती आई, आणि हसता हसता जी रडायला लागली ती थांबेचना. धाकट्यानं ट्रे खाली ठेवला, तोही गुडघे टेकून ट्रॅक्टरखाली घुसला आणि भावाच्या कुशीत डोकं खुपसून पोरासारखा हुंदके देऊ लागला. "मी एकदा तरी यायला हवं होतं, दादा. दर वेळी बसथांब्यापर्यंत यायचो आणि परत फिरायचो." थोरल्याला राग आला नव्हता असं नाही. आला होता, आणि तो जायलाही वेळ लागणार होता. पण त्यानं भावाच्या केसांत हात घातला. आपला हात तेलकट आहे याची त्याला थोडी मजाच वाटली.

क्रँक शहरातून लेथवर घासून आणला. नवे लायनर आले, पिस्टन आले. टोप्या बसवायच्या वेळी बापानं धाकट्याला पंख्याच्या बाजूला बसवलं आणि स्वतः दिवा घेऊन मागे उभा राहिला. धाकट्यानं बसवल्या, थोरल्यानं आवळल्या. मांजरीनं बिऱ्हाड हलवलं.

इंजिन आधी शिंकलं, मग खोकलं, मग असं धडधडलं की शेडवरचे पत्रे नाचायला लागले. बाप कानावर हात ठेवून ऐकत होता. आवाज मंद झाल्यावर तो थोरल्याजवळ आला. थोरली पिशवी भरून ओट्यावर उभी होती; संध्याकाळची गाडी गाठायची होती.

"नवं बांधलेलं इंजिन," बाप ट्रॅक्टरकडे बघत म्हणाला, "सुरुवातीला हलक्या हातानं चालवावं लागतं. ज्यानं बांधलं त्यानंच."

"हो," थोरला म्हणाला. "अंग मोकळं होईपर्यंत."

"किती दिवस लागतात हो त्याला?" थोरलीनं ओट्यावरून विचारलं.

बापानं बाहीनं डोळे पुसले. धूर गेला असावा.

"जुनं मॉडेल आहे," तो म्हणाला. "काही सांगता येत नाही."

थोरलीनं पिशवी उचलली आणि ती आत जाऊन रिकामी करायला लागली.