चैतरामचं रक्त

कंदील जरा बारीक कर रे दुलीचंद. बत्ती काही आता सकाळशिवाय येत नाही, आणि ही गोष्ट ऐकायला उजेड लागतही नाही. दुरून ऐकलेली असती तर मी सांगितली नसती. ज्याच्यासोबत झाली तो माझा शेजारी होता, पुनाराम शिलाईवाला. आता तो गोंदियाला राहतो. तेव्हा याच गल्लीत होता, आणि त्याच्या-माझ्या घरात एकच कुडाची भिंत. मी इकडे खोकलो की तिकडून त्याची बायको ओरडायची, "काकाजी, काढा पाठवू का?" अशी ती भिंत.

चौऱ्याहत्तर साल. उन्हाळ्याचे दिवस. पुनारामचा भाटवा चैतराम उकव्याहून बसनं बालाघाटला आला. म्हणजे पुनारामच्या मोठ्या बहिणीचा, शेवंताबाईचा नवरा. मँगनीजच्या खाणीत टोपल्यांनी दगड गाडीत भरायचं त्याचं काम. अंगानं असा, की दोघांचं ओझं एकटा उचलायचा. येण्याचं कारण साधं. पोराच्या शाळेच्या सदऱ्याचं कापड पुनारामला द्यायचं, आणि आलोच आहे तर डॉक्टरला छाती दाखवायची.

मी ओट्यावर बसलेलो. विचारलं, "काहो चैतरामभाऊ, कसं येणं केलं?"

"काही नाई डोमाजीभाऊ, छातीत जरासं धरते."

जरासं म्हणाला खरा, पण गल्लीच्या तोंडापासून पुनारामच्या दारापर्यंत येताना तो गडी दोन ओट्यांवर टेकला होता. मी पाहिलं ना. माझं कामच ते, असं तुमची काकू म्हणते.

स्टेशनाकडे एका डॉक्टरसाहेबांचा लहानसा दवाखाना होता, तिथं पुनाराम त्याला घेऊन गेला. डॉक्टरनं नळी लावली, नाडी धरली, खाणीत काय झालं ते सगळं विचारलं. मग म्हणाले, "तुझ्या काळजाला मार बसला आहे की पोटातला वारा वर चढला, ते बाहेरून पक्कं सांगता येत नाही. रक्त सांगेल. काळजाचं मांस दुखावलं की त्यातलं काहीतरी सुटून रक्तात उतरतं. हातापायाचं मांस दुखावलं तरी थोडं उतरतं, म्हणून आज ओझं उचलू नको. उद्या सकाळी ये. रक्त काढून नागपूरला पाठवतो." दवाखान्यातला हिरालाल रक्ताच्या बाटल्या बर्फाच्या थर्मासात घालून अरुंद रुळांच्या छोट्या आगगाडीनं गोंदियाला जायचा, तिथून पुढं नागपूर. तेव्हा असंच होतं, बाबांनो.

आता पुढचं मला त्या वेळी माहीत नव्हतं. पुनारामनं मागाहून सांगितलं. पण तुम्हाला आधीच सांगून टाकतो, नाहीतर गोष्टीतला जीव कळणार नाही.

त्या संध्याकाळी जेवणं झाल्यावर चैतराम म्हणाला, "पुना, रगतात काही निंगलं तं मले खानीवरून काढतेत. दिवाळीनंतर मले नोकरीत पक्कं करनार आहेत. एवढं निभावून जाऊ दे."

"मंग काय करता भाऊजी?"

"तू दिवसभर मशीनीवर बसते. ओझं तुह्या अंगाले माहीत नाई. तुहं रगत साफ निंगन."

पुनाराम हसला. त्याला वाटलं मस्करी आहे. "डॉक्टर ओळखन ना!"

"डॉक्टर कुठं काढते? आतल्या खोलीतला पोट्टा काढते. त्यानं मले पाह्यलंच नाई."

पुनारामनं नाही म्हटलं. दोनदा म्हटलं. पण बहिणीचा नवरा, हात धरून बसलेला. आणि तो तिच्याच घरासाठी मागत होता ना, स्वतःच्या दारूसाठी थोडीच! सकाळी दोघं गेले. आतून आवाज आला, "चैतराम कोण?" खरा चैतराम बाकावर खाली पाहत बसून राहिला. पुनाराम उठला. "मी," म्हणाला. बाही वर केली.

झालं इतकंच.

नागपूरचा रिपोट साफ आला. डॉक्टर बराच वेळ चैतरामच्या तोंडाकडे पाहत राहिले म्हणे. "मला तर वेगळं वाटलं होतं," म्हणाले. पण रक्तापुढं ते तरी काय बोलणार? ठीक आहे म्हणून लिहून दिलं.

उकव्याला घरी गेल्यावर मात्र चैतराम खाटेवरून उठेना. आपलं काळीज कसं आहे हे त्याच्या एकट्याला ठाऊक होतं. शेवंताबाईला काय ठाऊक? ती आपली बाईमाणसासारखी बोलली, "रिपोट साफ आला ना? मंग खाटेवर काहून पडून राह्यले? लोकं हासतेत मले." त्याला खरं सांगता येईना. टोपली घेतली, गेला. दुपारी दगडांच्या ढिगाजवळ बसला, तो बसल्या जागीच कलंडला. पाणी आणेपर्यंत संपलं होतं.

मी गेलो होतो दहाव्याला. शेवंताबाई येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला एकच सांगत होती, "मीच उठवलं त्याईले. मीच धाडलं." त्या खाटेवर कोणाला बसू देत नव्हती. स्वतः खाली, भुईवर. आणि पुनाराम समोर आला की त्याला विचारायची, "पुना, तूच सांग, रिपोट तं साफ होता ना?" पुनाराम मान हलवायचा. होता बाई, साफ होता. मला तेव्हा वाटलं, किती दुःख झालं आहे या भावाला.

तिथून आल्यावर त्याची मशीन रात्री उशिरापर्यंत चालू लागली. मैनाबाई, म्हणजे तुमची काकू, एक दिवस म्हणाली, "पुनारामले काय झालं काय माहीत, माह्या झंपरच्या दोन्ही बाह्या एकाच अंगाले लावल्या." आम्ही हसलो. पाऊस गेला. दिवाळी आली.

आता त्या रात्रीचं.

भाऊबीजेनंतरचा सोमवार. हट्टा गावची मंडई होती, दिवाळीनंतरची जत्रा. सारी गल्ली मंडईला, मग रात्री दंडारीचं नाटक पाहायला थांबणार. माझ्या बायकोनं मला शिव्या देतच घर सोडलं, कारण माझा पाय मुरगळलेला आणि तिला सोबतीला दुसऱ्याच्या घरच्या बाया शोधाव्या लागल्या. पुनारामनंही बायको-लेकरांना पाठवून दिलं. शिलाई राहिली आहे म्हणाला. चंद्राची कोर लवकरच बुडाली. गल्लीत आम्ही दोघंच. भिंतीच्या या बाजूला मी पाय उशीवर ठेवून पडलेलो. त्या बाजूला मशीन. खट खट खट खट.

मशीन थांबली.

"कोन?"

मला वाटलं, गिऱ्हाईक.

"दार लोटलंच आहे… या."

दार वाजलं नाही. पावलं वाजली नाहीत. पण बाकाची फळी करकरली. गिऱ्हाइकांसाठीचा तो बाक, जड माणूस बसला की तसाच करकरायचा.

"भाऊजी…"

हसू नको दुलीचंद. हो, लावला मी कान भिंतीला. तू असतास तर पळाला असतास.

पुनारामला एकच भाऊजी होता, हे मला माहीत होतं. मी स्वतःला म्हटलं, गावातला असेल कोणी. नात्यातला. मी वाट पाहत राहिलो त्या दुसऱ्या माणसाच्या आवाजाची. आवाज आलाच नाही. नुसता पुनाराम बोलायचा. मग थांबायचा. कोणी उत्तर देत असेल तितका वेळ थांबायचा.

"नाई… कोनाले नाई सांगतलं."

…

"बाईले? बाईले कसं सांगू?"

…

"हौ. तिच्याच माथ्यावर आहे. पाहून राह्यलो ना मी."

…

हे थांबणं खूप लांबलं. माझा पाय ठणकत होता, तेवढाच काय तो जगात आवाज.

"नोका विचारू."

…

"नोका विचारू ना, भाऊजी."

…

मग अगदी हळू. लेकरू वर्गात हजेरी देतं तसं.

"मी."

बाक करकरला.

आणि पुनाराम ओरडला. "मी नाई! मी नाई! तुमी! तुमीच चैतराम!"

मी कसा उठलो मला सांगता येत नाही. लंगडत भिंत धरून बाहेर आलो. गल्ली काळी. त्याचं दार लोटलेलंच. ढकललं.

दिवा नीट जळत होता. पुनाराम मशीनसमोरच्या स्टुलावर. बाही खांद्यापर्यंत गुंडाळलेली. हात मशीनच्या फळीवर, तळवा वर. समोर बाक.

बाकावर कोणी नव्हतं.

"डोमाजीभाऊ," तो म्हणाला, माझ्याकडे न पाहता. "आत्ता इथंच होता. त्यानं नाव पुकारलं. सवताचंच नाव. मी हात पुढं केला… तं म्हने, तुहा हात मागं घे पुना. यावेळी माहाच घेऊ दे."

"कोणाला घेऊ दे?"

"ते नाई सांगतलं."

मग त्यानं मला सगळं सांगितलं, जे मी तुम्हाला आधीच सांगून बसलो. उजाडेपर्यंत सांगत होता. मधेमधे तोंडावर तोच हात ठेवायचा. मी म्हटलं, "रडून झालं असेल तर ऊठ. पहिल्या बसनं उकवा."

"तुमी येता?"

"येतो."

पाय वांग्यासारखा सुजला होता, तरी गेलो. लोक म्हणतील डोमाजीला तमाशा पाहायचा होता. म्हणू द्या. त्या माणसाला एकट्याला बसमध्ये बसवण्याची माझी हिंमत नव्हती.

शेवंताबाई अंगणात धान पाखडत होती. भाऊ दिसला तसं सूप खाली ठेवलं, "मंडईचे दिवस सोडून कसे आले बाप्पा?" पुनारामनं उभ्यानंच सांगितलं. बसला असता तर बोलला नसता. बाही, बाक, "मी" म्हणाला ते, सगळं. एक शब्द गाळला नाही.

ती ऐकत होती. तिचे हात धानातच होते.

"मंग माह्या बोलन्यानं नाई गेले ते?"

"नाई बाई."

"मी धाडलं नाई?"

"तुले माहीतच नव्हतं, बाई. मले माहीत होतं."

शेजारची कोंबडी येऊन सुपातलं टिपू लागली, तिनं हाकललीही नाही. मग म्हणाली, "सहा महिने तू माह्यासमोर बसून जेवला, पुना."

पुनाराम तिच्या पाया पडायला वाकला. ती मागं सरली.

"जाय आता," ती म्हणाली. "चहा नाई ठेवत मी."

आम्ही वळलो. फाटकाजवळून मी मागं पाहिलं, सवयच ती. शेवंताबाई आत गेली होती. उघड्या दारातून ती खाट दिसत होती. तिच्यावर ती आडवी झाली होती, भिंतीकडे तोंड करून. सहा महिन्यांत पहिल्यांदा तिची पाठ हलताना दिसली. रडत होती.

परत येताना बसमध्ये पुनाराम म्हणाला, "डोमाजीभाऊ, आता नाई येनार तो." मीही म्हटलं, नाही येणार. चूक सांगून टाकली, संपलं.

आठवडा गेला असेल. दिवसाउजेडी, मी ओट्यावर बसलेलो, पुनारामची मशीन आत चालू. हिरालाल सायकल ढकलत गल्लीत आला. तोच, दवाखान्यातला.

"डोमाजीभाऊ, चैतराम याच घरी राह्यते ना? हाच पत्ता देलता."

मी ओट्यावरून खाली उतरलो. मग म्हटलं, "काय काम आहे?"

"अहो, काय सांगू! मंडईच्या दुसऱ्या दिवशी थर्मास घेऊन गेलतो. इथून निंगालो तं बाटल्या तीन. नागपुरात खोलला तं चार. चौथीवर त्याचं नाव. डॉक्टरसाहेब म्हनते मी नाई काढलं. आतला पोट्टा म्हनते मी नाई काढलं. मले वाटते गडबडीत कोनी टाकली असन… ते जाऊ द्या. नागपूरवाल्यायनं तपासलं, अन् आज तार आली."

आतली मशीन थांबली होती. पुनाराम दारात येऊन उभा होता. ओठात धाग्याचा तुकडा तसाच.

"काय आहे तारेत?" मी विचारलं.

"काळजाले लय मोठा मार आहे म्हने. मानसाले अजिबात खाटेवरून उठू देऊ नोका."

हिरालालनं सायकल भिंतीला टेकवली. पुनारामच्या खांद्यावरून आत, अंधारात वाकून पाहिलं.

"घरीच आहे ना तो? झोपूनच आहे ना?"