शुक्रवारची आमटी

प्रभाकर टिपणीस मास्तर जिना चढून वर आले, तेव्हा त्यांची एक चप्पल पायात होती आणि दुसरी हातात. अंगठा तुटलेली ती चप्पल घेऊन ते भर मंडईतून तसेच चालत आले होते. शाळेत पोरांच्या शर्टाची गुंडी उघडी दिसली तरी रागावणारा हा माणूस!

“आमच्या मंडळाची डेग चोरीला गेली,” खुर्चीत बसताबसता ते म्हणाले, “आणि एक माणूस इस्पितळात आहे.”

“आधी माणसाचं सांगा,” विद्युल्लता कारखानीस म्हणाली.

सायकलच्या दुकानावरच्या या खोलीत ती खाजगी तपासाचं काम करी. भिवंडीत तपास म्हणजे बहुतेक सूतचोरीच. त्यामुळे तिचा मावसभाऊ सुधीर, जो रविवारी ‘मदतीला’ म्हणून येई आणि वर्तमानपत्र तोंडावर घेऊन झोपे, तोही आज उठून बसला.

मास्तरांचं ‘दोन घास मंडळ’ साऱ्या गावाला ठाऊक होतं. मास्तर दारोदार फिरून डाळतांदूळ जमवायचे, साजिदाबी रांधायची, सुमतीबाई भांडी घासायच्या आणि शेलारचा हरी हातगाडी ओढायचा. कामतघरला सत्तारशेठच्या रिकाम्या शेडमध्ये चूल पेटे आणि संध्याकाळी गाडी निघे. ज्यांना घर नाही, अशांना आधी तलावाच्या काठी आणि मग एस.टी. स्टँडवर जेवायला वाढलं जाई.

“महिन्यापूर्वी आमच्या जुन्या टोपाला भोक पडलं,” मास्तर सांगू लागले. “तेव्हा सत्तारशेठनी घरची तांब्याची डेग दिली. रोज तिच्यात खिचडी व्हायची. लोक कंटाळले होते. परवा कुणी तरी रत्नागिरीहून आमसुलांचं पोतं दिलं, म्हणून शुक्रवारी पहिल्यांदाच खिचडीऐवजी आंबट आमटी केली. भात दुसऱ्या टोपात होता. तलावावर सगळे बोटं चाटत जेवले. स्टँडवर मात्र जेवण होतंय न होतंय तोच लोकांना उलट्या सुरू झाल्या. बाकीचे सावरले. तुळशीराम म्हातारा आहे, त्याला दाखल करावं लागलं.”

“आणि डेग?”

“शनिवारी सकाळी शेड उघडली तर डेग नाही! कुलूप जसंच्या तसं. पोलीस म्हणाले, भांडं असतं तर तपासायला पाठवलं असतं. आता लोक म्हणतात, साजिदानेच आमटीत काही तरी कालवलं आणि पुरावा नाहीसा केला. ती बिचारी घराबाहेर पडेना. सत्तारशेठनी निरोप धाडलाय, उद्यापर्यंत उलगडा झाला नाही तर शेड बंद.” मास्तरांनी हातातली चप्पल खाली ठेवली. “कालपासून चूल थंड आहे, बाई. स्टँडवरून जायची मला लाज वाटते. ते विचारत नाहीत, नुसते बघतात.”

“तुमचा संशय कुणावर?”

“सत्तारशेठवरच. त्यांना त्या शेडमध्ये लूम टाकायच्या आहेत.”

“माझाही!” सुधीर म्हणाला.

“तू अजून शेठना पाहिलंही नाहीस, सुध्या. चल, चपला घाल. मास्तरांना तुझी एखादी दे.”

शेडमध्ये सुमतीबाई भाताचा टोप घासत बसल्या होत्या. चूल पेटली नव्हती, टोप उष्टा नव्हता, तरी घासत होत्या.

“हाताला सवय झालीय,” त्या ओशाळून म्हणाल्या. “आमच्या घरी दिरांना आवडत नाही. म्हणतात, लोकांची खरकटी कशाला काढता? पण माझा मुलगा घर सोडून गेला त्याला पुष्कळ वर्षं झाली. कुठे असेल, काय खात असेल! मी इथे चार भांडी घासली तर तिकडे त्यालाही कुणी तरी घास घालेल, असं आपलं वाटतं.”

सुधीरने छपराकडे पाहिलं. विद्युल्लता त्यांच्याजवळ उकिडवी बसली.

“डेग कशी होती हो?”

सुमतीबाईंचा चेहरा उजळला. “आली तेव्हा बघवत नव्हती! आतून पांढुरकी, मळकट. किती वर्षांचा राप! आमच्याकडे तांबं म्हणजे देवघरातलं, नाही तर पाण्याचा हंडा. ते असं ठेवलं तर सासूबाईंनी घरात घेतलं नसतं. मग रोज चिंच आणि विटकरीची भुकटी घेऊन बसले. महिन्याभरात आतबाहेर लाल लख्ख! देवाच्या कलशासारखी. अन्न शिजायचं त्यात, भांडं कसं निर्मळ हवं.”

“साजिदाबींनी पाहिली?”

“तिला कुठली फुरसत? अंधारात, धुरात चुलीवर असते दिवसभर. शुक्रवारी तिला म्हटलंसुद्धा, उद्या उजेडात डेग बघ. तर सकाळी डेगच नाही.”

शेजारच्या कारखान्यात सत्तारशेठ भेटले. लूमच्या खडखडाटात ते ओरडून बोलत होते आणि बाहेर आल्यावरही ओरडूनच बोलत राहिले.

“शेड मागितली होती, झूट कशाला बोलू? धंदा हाय. पण बीबी म्हणाली, गरिबांची चूल विझवलीत तर घरची पण विझेल. मग गप बसलो. आता लोकांना उलट्या झाल्या, उद्या कोण मेला तर माझ्या शेडचं नाव येईल का नाही?”

“डेग तुमच्या घरची?”

“माझ्या वालिदची. काठावर त्यांचं नाव कोरलंय. आमच्या सगळ्यांच्या शादीचा पुलाव तिच्यात झाला. रिकामी पण एका माणसाला उचलत नाही. तो हरी रोज परत आला की माझ्या रामूला हाक मारतो, मग दोघं मिळून उतरवतात.”

“शुक्रवारी तुमच्याकडचं कुणी शेडकडे गेलं होतं?”

“शुक्रवारी लूम बंद, बाई! रामू सकाळीच टेमघरला बहिणीकडे गेला, तो शनिवारी ड्युटीवर आला. त्या दिवशी इथे कुत्रं पण फिरकत नाय.”

“शेठ सरळ दिसतात,” बाहेर पडल्यावर सुधीर नाराजीने म्हणाला.

हरी हातगाडीखालीच सावलीला बसला होता. विद्युल्लताला पाहून उठला आणि उगाच चाकाला तेल घालू लागला.

“मी काय केलं न्हाय, ताई. नाक्यावर ट्रक आडवा झालता, गाडी हलंना. स्टँडवर पोचायला लय उशीर झाला.”

“तोवर आमटी कशात होती?”

“डेगीतच. झाकन लावून.”

“परत आल्यावर डेग कुठे ठेवलीस?”

“नेहमीच्या कोपऱ्यात. रामूला हाक मारली, दोघांनी उतरवली. साजिदाबायनं कुलूप लावलं.”

“ती स्टँडवर आली होती?”

“व्हय. वाढाया रोज येते.” आणि एवढं बोलून त्याने तेलाची बाटली चाकावर पुरती उपडी केली.

साजिदाबीचं घर गल्लीच्या टोकाला होतं. वाटेत जमातीच्या आवारात लग्नसराईची तयारी चालली होती. मोठमोठ्या डेगा ओळीने मांडल्या होत्या आणि कल्हईवाला भाता हलवत बसला होता. नवसागराचा पांढरा धूर नाकात शिरला आणि सुधीरला शिंकांवर शिंका सुरू झाल्या. विद्युल्लता मात्र तिथे रेंगाळली, एकेका डेगीभोवती फिरली, वाकून पाहिलं. सुधीरला वाटलं, हिला आता भांडी विकत घ्यायची आहेत की काय!

साजिदाबी दारातच उभी राहिली. डोळे सुजलेले, पण बोलणं धीराचं.

“आमटी मीच केली. चुलीवर होती तवा चाखली, चांगली होती. बाकी मला काय ठाऊक न्हाय. पोलिसांना पन हेच सांगितलं.”

“स्टँडवर पुन्हा चाखलीत?”

तिने उगाच पदर सारखा केला. “न्हाय.”

“लोक तुम्हाला विष घालणारी म्हणतात, साजिदाबी.”

“म्हनू दे. त्यांची तोंडं मी कुठं धरू?” मग हळूच विचारलं, “तुळशीरामबाबा कसा हाय? आणि सुमतीबाय? येते ना अजून शेडमध्ये?”

“येतात.”

“येऊ दे,” साजिदाबी म्हणाली. “तिला काय विचारू नका. तिनं काय केलं न्हाय.”

परतताना विद्युल्लताने औषधांच्या दुकानातून इस्पितळात फोन केला. डॉक्टरांशी बराच वेळ बोलली. फोन ठेवला तेव्हा तिच्या कपाळावरची आठी गेली होती.

“सुध्या, मास्तरांना सांग, सगळ्यांना चार वाजता शेडमध्ये बोलवा. रामूलासुद्धा.”

“म्हणजे चोर रामू?”

“रामू फक्त उचलायला हवाय.”

चार वाजता सगळे जमले. साजिदाबी पदर ओढून दाराशी उभी होती. सुमतीबाईंनी तिला आत ओढलं आणि जवळ बसवून घेतलं. ते पाहून विद्युल्लता चुलीकडे वळली.

“दोन गोष्टी झाल्या,” ती म्हणाली. “लोक आजारी पडले आणि डेग गेली. सगळ्यांनी धरून चाललं की दोन्ही एकाच वाईट माणसाची कामं. मला इथे वाईट माणूसच सापडला नाही.”

“मग विष?” मास्तरांनी विचारलं.

“तेच बघू. तलावावरचे लोक धडधाकट राहिले आणि स्टँडवरचे पडले. आमटी तीच, भात तोच. फरक एकच, की ट्रक आडवा झाला आणि आमटी तेवढा जास्त वेळ डेगीत राहिली. म्हणजे कुणी काही घातलं नाही. डेगीतलंच काही तरी आमटीत उतरत होतं. महिनाभर खिचडी झाली तेव्हा काही झालं नाही. आंबट पदार्थ शिजला तो फक्त शुक्रवारी.”

सत्तारशेठनी एकदम डोक्याला हात लावला. “कल्हई!”

“हो, शेठ. डेग आतून पांढुरकी होती, तो मळ नव्हे, कल्हईच, कथलाचा मुलामा. तांब्याच्या भांड्याला आतून कल्हई नसली की आंबट कळकतं आणि पोटात गेलं की उलट्या. आपल्या आज्यांना हे ठाऊक होतं.” तिने नजर चुलीवरच ठेवली. “डेगीची कल्हई चिंचेने आणि विटकरीने घासून निघून गेली होती.”

सुमतीबाईंच्या हातातला काथ्या खाली पडला.

“आता डेग,” विद्युल्लता घाईने पुढे म्हणाली. “कुलूप शाबूत, म्हणजे शेडमधून ती बाहेर गेलीच नाही, कारण ती आत आलीच नव्हती. हरी म्हणाला, रामूच्या मदतीने उतरवली. शुक्रवारी लूम बंद. रामू टेमघरला होता.”

“व्हय, बहिणीकडं,” रामू म्हणाला.

हरीने मान खाली घातली. “साजिदाबायनं आन घातली होती, ताई. म्हनून बोललो न्हाय.”

“स्टँडवर पहिला माणूस ओकला तेव्हा साजिदाबींनी आमटी पुन्हा चाखली. जिभेला लागल्याबरोबर त्यांना कळलं. झाकण काढून डेगीत पाहिलं असेल आणि तिथेच ओळखलं, हे कुणाच्या हातून झालं. मग हरीला गाडी जमातीच्या आवारात घ्यायला सांगितली. डेग लपवायची तर डेगांतच! तिथे कल्हई करून ती गुपचूप परत आणायची आणि कुणाला काही कळू द्यायचं नाही. मी दुपारी तिथे शेठच्या वडिलांचं नाव वाचलं.”

“पण का?” मास्तर कळवळून म्हणाले. “अहो, सगळी गल्ली तुम्हाला नावं ठेवतेय, साजिदाबी! एक शब्द बोलायचा होता!”

उत्तर दिलं ते सुमतीबाईंनी. “माझ्यासाठी,” त्या म्हणाल्या. “मला कळलं तर मी पुन्हा इथे येणार नाही, म्हणून.”

“चूक माझी पन हाय, बाय,” साजिदाबीला हुंदका आला. “आंबट घालायच्या आधी डेगीत बघायचं, अम्मी शिकवून गेली होती. मी न्हाय बघितलं. तुझं पोर... तू त्याच्यासाठी करतेस. तुला कसं सांगू, का तुझ्याच हातानं...”

“सांगायला हवं होतं,” विद्युल्लता म्हणाली. आवाज मऊ होता, शब्द मात्र मऊ नव्हते. “तुम्ही सुमतीबाईंना सांभाळलंत आणि तिकडे डॉक्टर अंधारात चाचपडत राहिले. तुळशीरामाच्या जिवावर बेतलं असतं. त्यांना मी दुपारी फोनवर सगळं सांगितलं. म्हातारा आता बरा आहे, पेज प्याला. पोलिसांशी डॉक्टर बोलणार आहेत. पण नशीब आपलं, साजिदाबी.”

साजिदाबीने मान डोलावली.

सत्तारशेठ उठले आणि यावेळी पहिल्यांदाच हळू बोलले. “गुन्हेगार तर मी पण. डेग दिली, पण सांगितलं कुठं, की ही आतून घासायची नाय? आमच्याकडे सांगावं लागत नाय ना, म्हणून.” मग रामूवर ओरडले, “बघतोस काय? हरीला घे आणि डेग घेऊन ये!”

डेग आली. नवी कल्हई आतून चांदीसारखी पांढरी होती. हरी आणि रामूने ती शेडच्या मधोमध ठेवली. कल्हईवाल्याच्या कोळशाची काजळी तिच्या तळाला लागली होती. सगळे तिच्याकडे पाहत उभे राहिले आणि सुमतीबाई आपल्या हातांकडे पाहत बसल्या. त्यांच्या पिशवीत विटकरीच्या भुकटीचा डबा होता. तो त्यांनी काढला, पिशवी खांद्याला लावली आणि त्या दाराकडे निघाल्या.

मास्तर पुढे झाले, पण विद्युल्लताने त्यांना हाताने थांबवलं.

दाराबाहेर उकिरड्यापाशी सुमतीबाईंनी डबा उपडा केला, नीट झटकला आणि रिकामा डबा घेऊन त्या परत आत आल्या. डेगीजवळ बसल्या. पदर खोचला.

“साजिदा,” त्या म्हणाल्या, “कशानं घासू?”

साजिदाबीने डोळे पुसले. चुलीतली थंड राख मूठभर घेऊन ती त्यांच्याजवळ बसली.

“राखेनं, बाय. हलक्या हातानं.”

मास्तर डाळ निवडायला बसले. सुधीरने न सांगता चुलीत लाकडं रचायला घेतली, आणि ती उलटी रचली म्हणून हरीने ती पुन्हा रचली. त्या संध्याकाळी गाडी थोडी उशिरा निघाली. डेगीत खिचडी होती.