शुक्रवारचा डबा

"पाच वाजता शाळा सुटेल आणि ती पोर पुन्हा त्याच घरात जाईल हो!" वर्गशिक्षिका मृणालीबाई म्हणाल्या.

ती पोर म्हणजे रिया. नऊ वर्षांची, आई नसलेली, भिवंडीजवळच्या खारबावला मावशीकडे राहणारी. तिच्या दंडावरचे वळ बाईंना सोमवारी दिसले. आज गुरुवार. मुख्याध्यापक म्हणाले, "आधी खात्री करा, उगाच कुणावर बालंट नको." म्हणून वसईच्या मृणालीबाईंनी खासगी गुप्तहेर उन्नती पाटीलला शाळेत बोलावलं. सोबत तिचा मदतनीस मनोज होता. साताऱ्याचा गडी, मनानं सरळ, डोक्यानं जरा सावकाश.

रिया काही बोलेना. उन्नतीनं तिला खोदून विचारलं नाही, नुसता दंड पाहिला. बोटभर रुंदीचे पाच वळ. चार काळपट, एक लालबुंद.

मावशी कलावती पूर्णा गावातल्या गोदामात पॅकिंगला होती. आज रजेवर असलेली ती उन्नती-मनोजला घरीच सापडली. दारात खोकी बांधायच्या प्लास्टिकपट्टीवर कपडे वाळत होते. पट्टी बोटभर रुंद होती.

"शुक्रवारी मीच रिक्षात बसवून दिली तिला," ती फणकारली. "बापाला डबा द्यायला, भिवंडीला निजामपुऱ्यात. लूमचा पट्टा सुटला नि लागला. एवढा खडखडाट, बापाला तिचं वरडणंबी ऐकू न्हाय आलं!"

शाळेत परतून उन्नतीनं हे सांगितलं, तेव्हा शुक्रवारी रिया गैरहजर होती, हे मृणालीबाईंना आठवलं.

बाप रवींद्र लूमवर, म्हणजे यंत्रमागावर कामगार, लूमजवळच्याच खोलीत राहायचा. निरोप मिळताच तो धावतपळत शाळेत आला.

"पोर आलीच न्हाय माझ्याकडं. शुक्रवारी मी खोलीवरच हुतो. कपडं धुतलं, केस कापलं, झोपलो."

"लूमचा पट्टा केवढा असतो?" उन्नतीनं विचारलं.

त्यानं चार बोटं जोडून दाखवली. "एवढा. पण झालंय काय पोरीला?"

त्याला बाहेर बसवल्यावर मनोज कुजबुजला, "कामाच्या वारी भरदुपारी झोपतो? बापच थापा मारतोय."

बाईंनाही तेच वाटलं. पावणेपाच झाले होते.

"मनोज, भिवंडीत वर्ष काढलंस, पण शुक्रवारी निजामपुऱ्यात गेला नाहीस वाटतं," उन्नती म्हणाली. "शुक्रवार लूमच्या सुट्टीचा वार. म्हणून तर त्यानं कपडे धुतले, केस कापले. बंद लूमचा खडखडाट कुठला? आणि पट्टा सुटेल कसा? मावशीला सुट्टी रविवारी, तिला वाटलं सगळ्यांनाच रविवारी. शिवाय लूमचा पट्टा चार बोटं, वळ एक बोट. तेवढी रुंद पट्टी आपण तिच्याच दारात पाहिली."

"बरं झालं बाई! खात्री झाली, आता कळवते," मृणालीबाईंनी सुस्कारा सोडला.

उन्नती मात्र हसली नाही. "कळवायला संशय पुरतो, बाई. शहानिशा करायला पोलीस आहेत, बालकल्याण समिती आहे. चार वळ शुक्रवारचे. तो लाल ताजा आहे, फार तर कालचा."

मृणालीबाईंनी बोटांवर दिवस मोजले. सोमवार, मंगळवार, बुधवार! आपण वाट बघत बसलो आणि पोरीनं मार खाल्ला.

त्यांनी मुलांच्या मदतीचा क्रमांक १०९८ लावला.

"मी शिक्षिका बोलतेय," त्या म्हणाल्या. "एका मुलीला घरात मारतात. आणि लिहून घ्या, मला हे सोमवारपासून माहीत होतं."