काण्या सरदाराचा डोळा

"ज्याने हे केलंय ना, त्याला मी सोडणार नाही!" फरिदाने फाटलेल्या पडद्याचं टोक मुठीत आवळलं. "सूड घेईन! घेईनच!"

"आदी तो गावू दे तरी!" तिचा दोस्त सदू म्हणाला.

फरिदाच्या जलीलचाचांचा रेवदंड्यात झावळ्यांच्या मांडवातला सिनेमा होता, मुक्या चित्रांचा. सोमवारी देवादिकांचा खेळ, बुधवारी मारामारीचा, शुक्रवारी अरबी जादूचा आणि रविवारी पोट धरून हसवणारा परदेशी! "गावात आज्या आहेत, पोरं आहेत, खलाशी आहेत. ज्याला त्याला आपलं चित्र मिळालंच पाहिजे," हा चाचांचा हट्ट. मांडवाच्या मधोमध पडदा असे. खेळाआधी त्यावर पाणी मारलं की चित्र पलीकडच्या बाजूनेही दिसे. पुढे बाप्ये बसत, मागे बायका.

काल बुधवारी, ऐन मारामारीत, मागच्या बाजूने कोयता घुसला आणि पडदा टर्रकन फाटला! बायकांमधून डोक्यापासून पायापर्यंत चादर गुंडाळलेलं कुणीतरी उठलं आणि कुंपणातून पसार झालं. अंधारात तोंड कुणालाच दिसलं नाही.

झालं! गावभर एकच ओरड सुरू झाली, "बायकांनीच घात केला! त्यांना सिनेमा बंद!" सगळ्यांत मोठा आवाज बाबाजी शेठचा. शेजारीच त्याचाही मांडव होता. पण तिथे रोज मारामारीच! लोक कंटाळले आणि शेठ माश्या मारत बसला. आता उद्या नमाजानंतर गाव बसणार होता. बायका बंद झाल्या तर निम्मी गर्दी गेली, आणि मग चाचांचा मांडवही उठला! चाचा सकाळपासून जेवले नव्हते. ते पाहून फरिदाचं रक्त उकळत होतं.

तिला हसवावं म्हणून सदूने डाव्या डोळ्यावर रुमाल बांधला. "हा बघ कालच्या चित्रातला काणा सरदार! हाणा! मारा!"

"येड्या, पट्टी उजव्या डोळ्याव व्हती!" त्याची बहीण गोदू म्हणाली.

"डाव्या!"

"उजव्या!"

गोदूने त्याची शेंडी धरली, त्याने तिची वेणी.

"थांबा!" फरिदा ओरडली. "सदू, तू पुढे बसला होतास. गोदू माझ्याजवळ, मागे. मागून सगळं उलटंच दिसतं! दोघंही खरं बोलताय!" मग तिचे डोळे चमकले. "आणि तो चादरवालाही मागेच होता..."

"व्हय की!" गोदूने सदूची शेंडी सोडली.

दुसऱ्या दिवशी मांडवात गाव जमला. मधे बसले होते गावचे वडीलधारे अब्दुस्समद नाखवा.

"मी पुढच्या बाकावर होतो!" बाबाजी शेठ गरजला. "या बायकांना..."

"शेठ," फरिदा अगदी गरीब गाईसारखी पुढे आली, "तुम्ही पुढून नीट पाहिलंत. आम्हाला तो काणा सरदार करून दाखवा ना! तुमच्यासारखी नक्कल कुणाला जमणार?"

शेठ फुगला. त्याने उपरणं उजव्या डोळ्यावरून बांधलं, छत्री उपसली आणि थयथयाट सुरू केला.

"अहो, डावा डोळा! डावा!" बाप्ये ओरडले.

"न्हाय, उजवाच! शेठचं बरोबर हाय!" बायका ओरडल्या.

"ऐका!" शेठ खूश झाला. "उजवाच! या डोळ्यांनी पाहिलाय मी!"

"पाहिलाच असणार!" फरिदाचा आवाज कडाडला. "पुढून पाहणाऱ्या एकूण एक माणसाला डावा दिसला. उजवा दिसला तो फक्त मागच्यांना. मग शेठ, तुम्ही बायकांत काय करत होतात?"

शेठची छत्री खाली पडली.

"आरं मुडद्या!" मासळीवाली नीराबाई उठली. "माज्या बाजूला विडीचा वास मारीत बसल्याली बाई तू व्हय रं?"

शेठ पळाला! सदूने पाय आडवा घातला आणि शेठ चिखलात तोंडावर आपटला. "चुकलो! धंदा बसला म्हणून केलं!" तो केकाटला. बायकांनी त्याला असा काही झोडपला की नाखव्यांनाच मधे पडावं लागलं.

"याच्या मांडवाचा पडदा काढा आणि जलीलच्या मांडवात लावा!" नाखव्यांनी हुकूम सोडला. मग ते फरिदाकडे वळले. "शाबास, बेटी! आम्ही सगळे डोळस, पण अक्कल तुम्हा पोरांनी चालवली. बोल, काय बक्षीस हवं?"

फरिदाने त्या सगळ्या बाप्यांकडे पाहिलं. कालपर्यंत हेच ओरडत होते. तिचा राग अजून निवला नव्हता.

"आमच्यावर आळ घेतलात ना? मग आजच्या खेळाला बायका पुढे बसणार आणि तुम्ही सगळे मागे!"

जलीलचाचा खो खो हसले. नाखव्यांनी दाढी खाजवली, पण शब्द गेला होता!

संध्याकाळी अरबी जादूचा खेळ लागला. राक्षस आला, विमान उडालं, आणि पडद्यावर मजकुराची पाटी झळकली. पडद्यामागे कुजबूज झाली.

"फरिदा बेटी," नाखव्यांचा आवाज आला, "अक्षरं उलटी दिसतात गं! काय लिहिलंय?"

"उलटंच वाचा, नाखवा!" पहिल्या बाकावरून फरिदा ओरडली. "आम्ही आजवर तसंच वाचत आलो!"