धाकलीचं नाव राहिलं

शैल्या, मध्ये बोलू नको, आधी नुसतं ऐक. हसायचं असेल तर नंतर हस.

आमचा रविवारी संजाणला जायचा प्लॅन होता ना, तू लग्नाचं कारण काढून कटलास तो? मी, आपल्या ग्रुपमधले नविन, जयश्री आणि आमची धाकली. धाकलीला नेणारच नव्हतो खरं तर. नऊ वर्षांची पोर, उन्हात कुठं फिरवणार? पण शाळेत तिला कुणीतरी सांगितलं, खाडीकाठी जमिनीतून जुनं गाव खोदून काढलंय. तेव्हापासून डोकं खाल्लं तिनं. "दादा, मातीखालची घरं बघायचीत." शेवटी आई हो म्हणाली. मला बाजूला घेऊन म्हणाली, "तुषार, जशी नेशील तशी परत आण. बाकी मला काय नको."

म्हणून मी गुरुवारी एकटाच जाऊन आलो. टाइमिंग बघायला. अंदाजपंचे आपल्याला जमत नाय, तुला माहितीय. सकाळची मेमू पकडली. घोलवड, बोर्डी रोड, उंबरगाव, संजाण. स्टेशनबाहेरून रिक्षा, मग बांधावरून बारा मिनिटं चालत. पाणी कुठं मिळतं, धाकलीला बसायला सावली कुठंय, सगळं मोबाइलमध्ये टिपत होतो.

बघायला काय म्हणशील तर कंबरेएवढ्या विटांच्या भिंती, गवत आणि एक विहीर. भाजल्या मातीची कडी एकावर एक रचलेली, आत माती भरलेली. खाडीचा खारट वास. दुपारचे बारा वाजलेले आणि एक कावळासुद्धा ओरडत नव्हता. तेव्हा मी ते टिपलं नाही, आता आठवतंय.

वॉचमन बारक्याकाका. झरीचा निघाला, आईच्या माहेरचा. खूश झाला. म्हणाला, "रविवारी मी नाय, पोरीकडं जायचाय. बदलीवाला नवा हाय, अडवंल तुमाला. नावं आताच लिवून ठेव." मी वहीत चौघांची नावं लिहिली, माझा नंबर टाकला. तारीख त्यानंच घातली, गुरुवारची. मी म्हटलं, "काका, रविवारची घाला ना." तर म्हणे, "चालते रं. नाव लिवला म्हंजे माणूस आला."

आता माझी चूक ऐक.

आमच्या आईची सवय तू बघितलीयस. लग्न असो, जत्रा असो, दवाखाना असो, निघताना फाटकाशी थांबते आणि एकेकाला नावानं हाक मारते. "चल घरी." आपण "आलो" म्हणायचं आणि मागं न बघता निघायचं. झरीला सगळेच करतात. नाहीतर माणूस घरी येतं आणि त्याचं काहीतरी तिथंच राहतं म्हणे. मी तिला नेहमी चिडवतो, आई, हजेरी घे.

तर मला वाटलं, ग्रुपवर व्हिडिओ टाकू, मजा येईल. तिथून निघताना फाटकात उभा राहिलो, मोबाइल चालू केला, आईचा आवाज काढून ओरडलो, "नविन, चल घरी! जयश्री, चल घरी!" आणि तेवढ्यात बांधापलीकडून रिक्षावाल्यानं हॉर्न मारला. परतीची मेमू चुकली तर तीन तास बसावं लागणार. पळत सुटलो.

धाकलीचं नाव राहिलं. पण ती तर घरी होती ना यार! तिथं होतंच कोण?

संध्याकाळी घरी आलो, दारातूनच ओरडलो, "धाकले, चॉकलेट!" ती खिडकीत बसलेली. वळलीच नाही. खांद्याला हात लावला तेव्हा बघितलं तिनं, "हं?" म्हणाली. जेवायला आईनं तीनदा हाक मारली. "कान फुटलेत का गं?" तरी ही भिंतीकडे बघतेय. शुक्रवारी बाईंचा निरोप, हजेरीला "हजर" म्हणत नाही. डॉक्टरकडे नेली. कान ठणठणीत. मागून ताट वाजवलं तर लगेच वळली. नुसतं नावच ऐकू येत नव्हतं तिला.

मी म्हटलं, रुसली असेल. मी न्यायच्या आधी एकटा जाऊन आलो ना, म्हणून.

शनिवारी दुपारी आई बाजारात गेलेली. मी ओट्याशी, धाकली समोर बसून वाल सोलत होती. फोन वाजला. बारक्याकाका.

"अरं, ती पोरगी कवा न्यायची?"

"कुठली पोरगी?"

"तुमचीच. दोघांना हाक मारून घेऊन गेलास, ती दोघं गेली तुझ्यामागं. ही छोकरी हजू इथंच. दोन दिस झालं, विहिरीशी बसलीय. भाकर दिली तर खाईत नाय."

"काका, मी एकटा आलो होतो."

"एकटा कसा? चार नावं हायेत वहीत."

दुसऱ्या कुणाची असेल, वाट चुकली असेल, हेच डोक्यात. विचारलं, "दिसते कशी?"

"कपाळावर टाक्याची खूण हाय."

धाकलीला आहे ती. झोपाळ्यावरून पडली होती तेव्हाची. मी समोर बघितलं. केस कपाळावर आलेले, मान खाली, वाल सोलणं चालू.

"मीच म्हटला, चल, सोडतो घरी," काका सांगत होता. "तर म्हणती, दादानं हाक नाय मारली."

शैल्या, माझं मलाच कळलं नाही. तोंडातून निघून गेलं. हळूच. "धाकले?"

समोरचीनं मान वर केली नाही.

फोनमधून आवाज आला. लांबून, पण तिचाच. "ओ दादा!"

मग पळत्या पावलांचा आवाज. गवतातून. फोनच्या दिशेनं.

केस बाजूला करून बघावं म्हणून मी हात पुढं केला. समोरचीनं माझं मनगट धरलं. हात गार, वालाच्या पाण्यानं बुळबुळीत. वर न बघता म्हणाली, "ठेव फोन. तिला घरचा रस्ता माहीत नाय."

पावलं जवळ आली होती. धापा ऐकू येत होत्या.

मी फोन ठेवला.

असं बघू नको माझ्याकडे. एक पोर हात धरून बसलीय, एक फोनमध्ये धापा टाकतेय. सांग ना, तू काय केलं असतंस?