हात बाहेर?

आमच्या वर्कशॉपमध्ये एक नियम होता. मशीनचा प्लग लावण्याआधी मोठ्याने विचारायचं, "हात बाहेर?" मग खोलीत आपण एकटे असलो तरी दहा आकडे मोजायचे. का, ते विचारायचं नाही. मी एकदा विचारलं, तर काका म्हणाले, चार बुकं शिकली म्हणून फार शिंगं फुटली हिला.

आम्ही पिनबॉल या चेंडूच्या खेळाची जुनी मशीनं दुरुस्त करतो. त्यांत ना स्क्रीन, ना चिप. चेंडू आदळला की आत तारेचं वेटोळं लोखंडी दांडा खेचतं, घंटेच्या पट्टीवर टोला पडतो आणि आकड्यांची चाकं खटखट फिरतात. त्या आवाजाचं मला वेड आहे.

त्या दुपारी एका बंद पडलेल्या क्लबातून चादरीत गुंडाळलेलं मशीन आलं. चादर काढली आणि बाबा-काका एकमेकांकडे बघेनासे झाले. आतल्या एका तारेला लाल दोऱ्याची गाठ होती. अशी खूण फक्त तुझी आत्या करायची, असं बाबांच्या तोंडून निसटलं. आत्या माझ्या जन्माआधी इथेच काम करायची. ती तापाने गेली, एवढंच मला सांगितलेलं.

गिऱ्हाईक पाचला येणार होतं. स्विचची काजळलेली टोकं कानशीने घासून माझं काम संपलं तसे बाबा दारातूनच म्हणाले, "लाव प्लग. आज ओरडू नकोस."

आजच का नाही? माझं डोकं फिरलं. मी मुद्दाम घसा ताणून विचारलं, "हात बाहेर?"

सातपर्यंत मोजलं असेन. जळक्या वार्निशचा वास आला. मग मशीनच्या आतून, अगदी दबक्या आवाजात, एक बाई म्हणाली, "थांब दादा... अजून आत आहे."

या घरात दादा एकच. माझे बाबा.

बाहेर रस्त्यावर कुणी बोललं असेल, असं काहीतरी पुटपुटत काकांनी प्लगसाठी हात पुढे केला.

मी प्लग मुठीत आवळला. "देणार नाही. आणि लावणारही नाही. बाबा, त्या दिवशी तिला विचारलं होतंत का?"

बाबांनी त्या लाल गाठीकडे पाठ फिरवली.

तेवढ्यात मशीनच्या पोटात कुणीतरी कानस चालवू लागलं... सावकाश, सराईत हाताने.