डावी बाजू

दिनकररावांचा डावा कान कॉलेजात असतानाच गेला. लखनऊच्या संशोधन संस्थेतली सगळी नोकरी त्यांनी उजव्या कानावर निभावली. घरात मात्र ते जमेना. "तुमच्याशी बोलायचं म्हणजे निम्मं भिंतीला सांगायचं," असं म्हणून त्यांची बायको मृणाल जी गप्प झाली, त्याला महिना होऊन गेला. चूक आपलीच, असं दिनकररावांना वाटे. तशी कुठलीही चूक त्यांना आपलीच वाटे.

म्हणून त्या दुपारी त्यांनी मलिहाबादच्या आमराईतलं, अबोल्याआधीचं रेकॉर्डिंग कॉम्प्युटरवर लावलं. कोकिळेचा आवाज टिपायला त्यांनी बाजेवर फोन ठेवला होता, आणि शेजारी बसून मृणाल काहीबाही बोलत होती. ते पुस्तकात बुडालेले. निदान आता तरी तिचं नीट ऐकावं, समेट करावा. पण हेडफोनमधूनही ते तुटकच वाटलं. त्यांनी बंगळुरूला मुलाला, अनिकेतला, फोन लावला. लखनऊत वाढलेला तो हिंदीतच बोले.

"नया हेडफोन मत लेना, बाबा. सेटिंग में मोनो ऑडिओ ऑन करो. दोनों तरफ की आवाज एक ही कान में आएगी."

"इतकं सोपं?"

"हाँ. कॉम्प्युटर में पहले से है, आपने देखा नहीं."

त्यांनी बटण सरकवलं, आणि आमराई भरून आली. पानांची सळसळ, माश्यांची गुणगुण, दशहरी आंब्यांचा वास यावा इतकी जवळ.

"इथे गार वाटतं, नाही?" मृणाल म्हणाली.

"हो, पण तुझे पाय उन्हात आहेत," कुणीतरी मऊ आवाजात म्हणालं. "सरक इकडे."

बाजेची सुतळी करकरली.

माळी तेव्हा पार बागेच्या टोकाला होता. बाजेवर मृणाल आणि ते, दोघंच होते. दिनकररावांनी मोनो बंद केलं. उजव्या कानात कोकिळा, मृणाल, मग शांतता. पुन्हा चालू केलं. शांततेच्या जागी तो आवाज, निवांत, घरचा.

मृणाल चहा घेऊन आली. त्यांनी हेडफोन काढला.

"त्या दिवशी बागेत आपल्याबरोबर कोण होतं गं?"

ती थबकली. मग महिन्याभरात पहिल्यांदा तिचा चेहरा मोकळा झाला. पण ती बघत होती त्यांच्या डाव्या खांद्याच्या जरा वर.

"ऐकलं बरं का यांनी तुला," ती म्हणाली.

डाव्या कानाला ऊबदार श्वास लागला. दिनकररावांना ऐकू काहीच आलं नाही.

मृणाल मात्र ऐकत राहिली. मग त्यांच्याकडे एकदा बघून, पुन्हा त्या खांद्यावर नजर नेत हलकेच म्हणाली,

"नको. आज नको."